सासूबाईंचा हाफ क्लच

चौकातल्या कारंज्यापाशी गाड्या तुंबल्या तेव्हा स्टिअरिंग धरून बसलेला दातांचा डॉक्टर घामाघूम झाला.

"मॅडम, हे माझ्यामुळे झालंय का?"

"नाही हो. कुणाला अडवण्याइतके तुम्ही अजून पुढे गेलेलेच नाहीत," ती म्हणाली. "न्यूट्रल करा. हँडब्रेक ओढा. आणि श्वास घ्या, श्वास घ्यायला परवाना लागत नाही."

डॉक्टरने श्वास घेतला. अख्खं गाव त्याच्या खुर्चीत बसताना थरथर कापायचं, आणि तो हिच्या शेजारी बसून कापायचा. तिच्या मोटार ट्रेनिंग स्कूलची ही एकुलती एक गाडी. तिच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच होते. शिकणाऱ्याचं चुकलं की तिचा पाय आपोआप दाबला जाई. त्यावरून लोक तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे ब्रेकबाई. दुसरं नाव तिला ठाऊक होतं आणि पहिल्यापेक्षा जास्त आवडायचं.

गाड्या हलेनात, तेव्हा तिने मनातल्या मनात दिवसाची पुढची कामं उरकायला घेतली. धाकटीचा डबा ओट्यावर राहिला होता, तो मधल्या सुट्टीच्या आत पोचवायचा. मोठीला क्लासला सोडायचं. नवऱ्याच्या रंगाच्या दुकानात थिनरचे डबे येणार होते, ते उतरवून घ्यायला कुणी नव्हतं, म्हणजे तीच होती. सासूबाईंच्या डोळ्यांचे थेंब संपले होते. आणि सगळ्यांना सगळं पोचवून झालं की मध्ये कुठेतरी स्वतः जेवायचं, जमलं तर.

एवढ्यात पुढची गाडी एकदा गचका खाऊन बंद पडली आणि रांग का तुंबली ते कळलं. निळी गाडी, मागे लाल अक्षरातला 'एल'. पलीकडच्या गल्लीतल्या साखरमास्तरची. हा माणूस गाडी हिच्याकडेच शिकला होता आणि शिकून झाल्यावर त्याने हिच्याच घरापासून हाकेच्या अंतरावर शाळा काढली होती. त्याचं बोलणं इतकं गोड, की विद्यार्थ्याने खांबाला धडक दिली तरी तो म्हणे, छान, आता खांब कुठे आहे ते लक्षात राहील.

"बघा, बघून ठेवा," ती डॉक्टरला म्हणाली. "यात शिकणाऱ्याचा दोष नाही, मास्तरचा आहे. क्लच असा फटकन सोडू दिला की गाडी मरणारच. असल्या हातात आपली माणसं लोक देतात तरी कशी, मला कळत नाही."

निळ्या गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि मागच्या सगळ्यांना अगदी शांतपणे खुणावू लागला, की जा, बाजूने जा, मला काही घाई नाही. हातावर तपकिरी स्वेटर होता. कोपरापाशी निळ्या लोकरीने रफू केलेलं होतं. घरात तपकिरी लोकर संपली होती म्हणून ते रफू मागच्या थंडीत तिनेच निळीने केलं होतं.

डॉक्टरने सावकाश गाडी बाजूने काढली. जाता जाता तिने पाहिलं. सासूबाई ताठ बसल्या होत्या, जीभ किंचित दातांत धरलेली, डोळ्यांवर मोठीचा काळा चष्मा. शेजारी साखरमास्तर टाळ्या वाजवत होता.

"ओळखीच्या आहेत का?" डॉक्टरने विचारलं.

"चेहरा कुठेतरी बघितल्यासारखा वाटतो," ती म्हणाली. "समोर बघा."

त्या दुपारी ती घरी आली तेव्हा सासूबाई हातपाय धुऊन वर्तमानपत्र घेऊन बसल्या होत्या. रोज सकाळी त्या पाय मोकळे करायला बागेत जात, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"आज बागेत गर्दी होती का, आई?" तिने चपला काढता काढता विचारलं.

सासूबाईंनी पान उलटलं. "होती ना. कारंज्यापाशी तर फारच."

पुढचे चार दिवस मोठीला घरात काहीतरी बिनसल्यासारखं वाटत होतं. आई आणि आजी एकमेकींशी फार नीट वागत होत्या. एरवी आजी म्हणायची, भातात पाणी जास्त झालंय, आणि आई म्हणायची, तुमच्या दातांसाठी मुद्दाम घातलं. आता आजी म्हणत होती, भात छान झालाय, आणि आई म्हणत होती, थँक्यू. मोठी जेवणं झाली की तडक आपल्या खोलीत जाऊ लागली. कारण सगळ्याच्या मुळाशी ती होती. आजीला शिकाऊ परवाना काढायला तीच घेऊन गेली होती, रस्त्यावरची चिन्हं तिनेच तोंडपाठ करून घेतली होती. आजीला सगळी चिन्हं आली, फक्त 'पुढे शाळा आहे' हे चिन्ह पाहून ती म्हणाली होती, "म्हणजे माझी मुख्याध्यापिका लेक आहे, हळू जा."

शनिवारी आईने तिला गाडीत गाठलंच.

"तुला ठाऊक होतं."

"काय?" मोठीने कानावर हात ठेवून पाहिलं.

"तुझा चष्मा."

मोठीने दप्तराचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "आजीने शपथ घातली होती. आणि आई, तिने तुलाच आधी विचारलं होतं. ती म्हणते."

आईने गियर बदलला. तिच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी आलं आणि गेलं. तिला आठवलं होतं.

शेडमध्ये सासऱ्यांची जुनी तपकिरी गाडी होती. ते जाऊन दोन वर्षं झाली. ते असेपर्यंत त्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. मुलाला सुद्धा नाही, आणि गाडी शिकवून घर चालवणाऱ्या सुनेला तर नाहीच नाही. आता बॅटरी उतरू नये म्हणून ती दर आठवड्याला गाडी सुरू करून थोडा वेळ तशीच ठेवायची. सासूबाई दाराशी उभ्या राहून बघायच्या. एकदा त्यांनी विचारलं होतं, मला येईल का गं हे? आणि ती हसून म्हणाली होती, येईल की, पण आई, हा सुट्ट्यांचा सीझन जाऊ दे. त्यानंतर परीक्षांचा सीझन आला, मग नोकऱ्यांसाठी परवाना लागणाऱ्यांचा, मग पुन्हा सुट्ट्यांचा. ती ते वाक्य विसरूनही गेली होती.

रविवारी जेवायला नणंद आली. ती मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि रविवारीही तशीच असायची. दारात पाऊल टाकतानाच तिने पायताणांची ओळ सरळ केली, धाकटीच्या पाठीवर हात ठेवून तिची पाठ सरळ केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान बदललं.

"महिना संपायला अजून दोन दिवस आहेत, आत्या," धाकटी म्हणाली.

"तयारीत असलेलं बरं," आत्या म्हणाली.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा रंगवाल्याने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, घसा साफ केला. बायको त्याच्याकडे बघू लागली. घसा साफ करून हा माणूस जे बोलतो ते त्याने दुकानात आठवडाभर घोकलेलं असतं, हे तिला माहीत होतं.

"ताई, शेडचं ठरवून टाकू या का? दुकानात डबे ठेवायला जागा नाही. मी पॅसेजमध्ये उभे केलेत, गिऱ्हाईक अडखळतं. शेड रिकामी झाली तर माझं भागेल."

"शेड रिकामी नाहीये," नणंद म्हणाली.

"म्हणूनच म्हणतोय. गाडी काढू या."

"काढू या म्हणजे?"

"म्हणजे कुणाला तरी देऊ. चालती आहे तोवर."

नणंदेने चमचा ताटात ठेवला, शाळेत घंटा झाल्यावर खडू ठेवतात तसा. "बाबांची गाडी आहे ती. आहे तशी राहील, आहे तिथे राहील. मी पुढच्या महिन्यात तिला नवीन कव्हर शिवून घेणार आहे."

"कव्हर घालून काय करायचं? बघत बसायचं?"

"तुला बघवत नसेल तर बघू नकोस. वहिनी, तुला काय वाटतं?"

वहिनीने सगळ्यांना भात वाढायला घेतला. गेल्या वर्षभरात हा वाद चार वेळा झाला होता आणि चारही वेळा तिने भात वाढला होता. कुणाच्या बाजूने बोलावं तर दुसऱ्याचं तोंड महिनाभर वाकडं. शिवाय नवऱ्याला जागा हवी हेही खरं होतं, आणि नणंदेला गाडीपाशी उभं राहिलं की बरं वाटतं हेही.

"मला वाटतं, काकडी कुणीच घेतलेली नाही," ती म्हणाली.

"गाडी मी चालवणार आहे," सासूबाई म्हणाल्या.

कुणाचा घास तोंडापाशीच थांबला, कुणाचा आत गेलेला खाली उतरेना.

"कुठली गाडी?" रंगवाल्याने विचारलं.

"शेडमधली. मला सध्या तरी तीच ठाऊक आहे."

"आई, तुला चालवता येत नाही," नणंद समजुतीच्या आवाजात म्हणाली.

"येते. थोडी राहिलीये, तेवढी येईल."

आत्तापर्यंत एकमेकांकडे न बघणारी भावंडं आता एकमेकांकडे बघू लागली आणि क्षणात एका बाजूची झाली. आईचं वय, आईचे डोळे, आईचा गुडघा, गावातले ट्रक. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. शेड, डबे, कव्हर, सगळं मागे पडलं. सासूबाई शांतपणे काकडी खात होत्या.

मग नणंद थांबली. तिच्या डोळ्यांत प्रश्नपत्रिका फुटल्याचा संशय आल्यावर येते तशी चमक आली. "पण तुला शिकवलं कुणी?" आणि उत्तराची वाट न बघता ती वळली. "वहिनी. अर्थात. दुसरं कोण असणार?"

मोठीने आईकडे बघितलं, मग आजीकडे. आजीचा काकडी खाण्याचा वेग मंदावला होता. आईने नाही म्हणायचा अवकाश, ती या सगळ्यातून सुटली असती.

"हो," आई म्हणाली. "मीच शिकवते."

रंगवाला बायकोच्या हाताकडे बघत होता. ती रुमालाची घडी घालत होती, मग घडीची घडी. ती खोटं बोलताना हे करायची. सतरा-अठरा वर्षांच्या संसारात नवऱ्याला एवढं कळतं. त्याला खोटं का ते कळलं नाही, पण दुसरंच काहीतरी आठवून तो दुखावला गेला.

"आईला शिकवतेस? मला तिसऱ्या दिवशी गाडीतून उतरवलं होतंस."

"उतरवलं नाही. तुम्ही उतरलात. मी फक्त थांबवलं नाही."

"बाजारपेठेत उतरलो होतो. घरापर्यंत चालत आलो."

"मागून मी गाडी हळूहळू आणत होते की. तुम्ही वळून बघितलं नाहीत."

धाकटी खुदकन हसली. आत्याने तिच्याकडे बघितलं तर ती पाण्याचा पेला तोंडाला लावून बसली.

"विषय बदलू नका," नणंद म्हणाली. "वहिनी, तुझ्यावर विश्वास ठेवून मी निर्धास्त होते. तुला वेळ नसतो, वेळ नसतो म्हणतेस, आणि या वयाच्या बाईला रस्त्यावर उतरवायला मात्र वेळ मिळतो?"

तिने मान खाली घातली. न केलेल्या कामाबद्दल बोलणी खाताना तिला राग यायला हवा होता. पण ते काम आपण करायला हवं होतं, हेच तिला सारखं आतून टोचत होतं.

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात ती भांडी घासू लागली आणि सासूबाई फडका घेऊन पुसायला उभ्या राहिल्या. बाहेर भावंडं अजून एकमतात होती, त्यांचा आवाज येत होता.

"खोटं का बोललीस?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"मग काय सांगायचं? मी गावाला गाडी शिकवते आणि माझी सासू पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत जाते? उद्या माझ्याकडे कुणी फिरकेल का?"

"म्हणजे माझ्यासाठी नाही बोललीस."

"थोडं तुमच्यासाठी. बरंचसं धंद्यासाठी."

सासूबाईंना हे उत्तर आवडलं. नुसतं 'तुमच्यासाठी' म्हणाली असती तर त्यांचा विश्वास बसला नसता. त्यांनी पातेलं पुसून पालथं घातलं.

"त्या दिवशी चौकात मी तुला बघितलं होतं. काळ्या चष्म्यातून सगळं दिसतं."

"मला वाटलंच."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

तिने कढई विसळून त्यांच्या हातात दिली.

"तुम्ही विचारलं होतंत मला," ती शेवटी म्हणाली. "मी सीझनचं कारण सांगितलं. आई, सीझन जातच नाही हो."

"म्हणूनच गेले." सासूबाईंनी फडका पिळला. "पण तेवढंच नाही. तू वेळ दिला असतास तरी मी बहुतेक आले नसते. मला चुकायचं होतं गं. तू या घरात आलीस तेव्हापासून तुला मी काही ना काही सांगत आलेय. भात असा, पडदे असे, मुलींचे केस असे. आता तुझ्या शेजारी बसून मी एका चौकात चार वेळा गाडी बंद पाडायची, आणि संध्याकाळी तुलाच म्हणायचं की भातात पाणी जास्त झालंय? कुठल्या तोंडाने?"

तिने नळ बंद केला. हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तो साखरमास्तर काय म्हणतो माहितीये?" सासूबाई म्हणाल्या. "गाडी बंद पडली की म्हणतो, वा, किती अलगद बंद पडली."

तिला हसू आवरेना. हसता हसता ओट्याला टेकली. सासूबाई आधी गंभीर राहिल्या, मग त्यांच्याही खांद्यांना हिसके बसू लागले. पण हसू ओसरताच तिच्यातली मास्तरीण जागी झाली.

"चढ शिकवलाय का त्याने तुम्हाला?"

"तो म्हणतो, गावात चढच नाही."

"आणि पाण्याच्या टाकीचा रस्ता काय आहे मग? हाफ क्लच माहितीये?"

"अर्धा क्लच? मी तर पूर्णच दाबते. कंजूषपणा कशाला करायचा?"

नणंद दारात येऊन उभी होती. ती कधीपासून उभी होती ते दोघींना कळलं नाही, आणि तिने काय ऐकलं तेही तिने कधी सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मला बघायचंय. आत्ता. मी परीक्षा घेतल्याशिवाय कुणालाही वरच्या वर्गात घालत नाही."

मोटार ट्रेनिंग स्कूलची गाडी निघाली तेव्हा सासूबाई स्टिअरिंगवर, सून शेजारी, मागे नणंद आणि धाकटी. रंगवाला स्कूटर घेऊन मागून निघाला, पाठीशी मोठी. मला आत बसायचं नाही, मी बाहेरून लक्ष ठेवतो, असं तो म्हणाला. बायकोच्या शाळेच्या गाडीत पुन्हा बसायचं नाही असा त्याने कानाला खडा लावला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सपाटीवर सासूबाई झकास चालवत होत्या. दुकानं बंद होती, रस्ता मोकळा होता. वळणावर त्यांनी दिवा दाखवला, एक म्हातारी काठी टेकत रस्ता ओलांडू लागली तर थांबल्या. "बिचारी, या वयात एकटी," त्या म्हणाल्या. ती म्हातारी त्यांच्यापेक्षा लहानच असावी. मागच्या सीटवर नणंदेच्या भुवया हळूहळू खाली आल्या.

टाकीच्या चढावर मध्यावर गाडी बंद पडली.

बंद पडली आणि मागे घरंगळू लागली. "वहिनी," नणंद म्हणाली, एवढंच. आरशात स्कूटर दिसत होती, तिच्यावर रंगवाला, दोन्ही पाय जमिनीवर, तोंड उघडं. सुनेचा पाय खाली गेला. सासूबाईंना स्वतःला दाबू द्यावं, शिकू द्यावं, वगैरे तत्त्वं तिला ठाऊक होती. पण मागे नवरा आणि मुलगी होती. तत्त्वं नंतर बघता आली असती.

गाडी थांबली. सासूबाईंनी खाली बघितलं. त्यांचा स्वतःचा पाय अजून हवेत होता.

"तू दाबलास."

"दाबला."

सासूबाईंनी स्टिअरिंग सोडलं. त्यांनी हात मांडीवर ठेवले. चौकात सगळ्या गावासमोर गाडी बंद पडली तेव्हा त्यांना काहीच वाटलं नव्हतं, आणि आता मात्र कानशिलं तापली होती. आता ही काय म्हणते, याची त्या वाट बघू लागल्या. समजूत घालेल, नाहीतर झालं एवढं पुरे म्हणेल. दोन्ही सारखंच वाईट.

सुनेने काच खाली केली. "अहो, बाजूला व्हा. अजून बाजूला. अजून." मग ती सासूकडे वळली आणि दातांच्या डॉक्टरशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "हँडब्रेक ओढा. पहिला गियर. आता क्लच हळूहळू सोडा, पूर्ण नाही. नाक जरा उचलल्यासारखं वाटेल, आवाज जड होईल. तिथे थांबायचं. गाडी सांगते तुम्हाला, मी तयार आहे म्हणून. मग हँडब्रेक सोडायचा."

"आई, हळू," नणंद मागून म्हणाली.

"वर्ग चालू असताना बोलायचं नाही, वन्सं."

मुख्याध्यापिकेला हे बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगितलं होतं. तिने तोंड मिटलं. धाकटीने तिच्याकडे मोठ्या सहानुभूतीने बघितलं.

पहिल्यांदा गाडी पुन्हा बंद पडली. "क्लच लवकर सुटला," सून म्हणाली, "पुन्हा." तिने ना छान म्हटलं, ना वाईट. दुसऱ्यांदाही बंद पडली. "हँडब्रेक उशिरा. पुन्हा." सासूबाईंच्या लक्षात आलं, की ही आपल्याशी सुनेसारखी बोलतच नाहीये. आपली चूक हिच्या लेखी फक्त चूक आहे. ती घरी नेऊन ठेवण्यासारखी वस्तू नाही. त्यांचे खांदे सैल झाले.

तिसऱ्यांदा नाक उचललं गेलं, आवाज जड झाला. त्यांनी हँडब्रेक सोडला, आणि गाडी तसूभरही मागे न जाता चढू लागली. मोठीने स्कूटरवरून आरोळी ठोकली.

वर टाकीपाशी त्यांनी गाडी थांबवली. खाली गावाची छपरं दिसत होती. कुणी उतरलं नाही. थोड्या वेळाने नणंद म्हणाली, "बाबा इथे यायचे ना आपल्याला घेऊन. दर वेळी त्या चढावर गाडी बंद पडायची."

"दर वेळी," सासूबाई म्हणाल्या. "आणि दर वेळी मला म्हणायचे, तू मध्येच बोललीस म्हणून."

"तू बोलायचीस?"

"मी? मी जीव मुठीत धरून बसलेली असायचे. तोंड कुठून उघडणार?"

नणंद हसू लागली आणि हसताना तिचे डोळे भरले. तिने पर्समधून रुमाल काढला. वडिलांचीही गाडी बंद पडायची, हे ती इतकी वर्षं कव्हरखाली झाकून बसली होती, आणि आता ते आठवल्यावर तिला वडील जास्तच आपले वाटले. रंगवाला धापा टाकत खिडकीशी आला.

"काय ठरलं?"

"पास," नणंद नाक पुसत म्हणाली. "काठावर."

त्यानंतरच्या गोष्टी एकदम सुरळीत झाल्या असं नाही. नणंदेने पुढच्या महिन्यात गाडीसाठी कव्हर शिवून घेतलंच. ते रंगाच्या डब्यांवर घातलं. शेडचा मागचा अर्धा भाग रंगवाल्याला मिळाला आणि पुढचा गाडीला राहिला, पण डब्यांची ओळ रोज इंचाइंचाने पुढे सरकते अशी सासूबाईंची तक्रार होती, आणि ती खरी होती. साखरमास्तरकडचे राहिलेले धडे त्यांनी पूर्ण केले. मास्तर अर्ध्यावर सोडणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. सपाटीला तो आणि चढाला सून अशी वाटणी झाली. सुनेने नाक मुरडलं, पण भात कसा झालाय यावर घरात पुन्हा मोकळेपणी भांडणं होऊ लागली आणि मोठीच्या जिवात जीव आला. परवान्याच्या परीक्षेला सासूबाई पहिल्या वेळी नापास झाल्या, कारण परीक्षकाने पट्टा लावल्याशिवाय गाडी हलवायला त्यांनी नकार दिला आणि त्याला त्याचा राग आला. दुसऱ्या वेळी दुसरा परीक्षक होता.

परवाना हातात आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तपकिरी गाडी शेडबाहेर काढली. धाकटीला शाळेत मी सोडणार, असं त्यांनी जाहीर केलं. पहिले काही दिवस मी शेजारी बसणार, असं सुनेने जाहीर केलं. या गाडीला शेजारच्या सीटपाशी ब्रेक नव्हता. बसल्यावर तिचा पाय दोन-तीनदा रिकाम्या जागी दाबला गेला. सासूबाईंना दिसलं, आणि त्यांनी पहिला गियर टाकला.

धाकटी शाळेच्या फाटकाशी उतरली. डबा बरोबर होता, पाठ सरळ होती. मुख्याध्यापिका फाटकात उभी होती. तिने मान एवढीशी हलवली. सासूबाईंनी गाडी वळवून घेतली. वळण इतकं नेटकं बसलं की त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं.  सून काहीतरी म्हणेल, छान नाही तर निदान बरं, असं त्यांना वाटत होतं. 

"जमलं ना?" शेवटी त्यांनीच विचारलं.

उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी क्षणभर नजर वळवली. सून झोपली होती. मान खिडकीकडे कललेली, तोंड थोडंसं उघडं, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा सैल हातात. पाय, दोन्ही, सीटखाली ओढून घेतलेले.

सासूबाईंना आधी राग आला. एवढं वळण घेतलं ते हिने बघितलंसुद्धा नाही. मग त्यांना दिसलं, की या बाईला आपण इतक्या वर्षांत दिवसाउजेडी झोपलेलं कधी पाहिलेलं नाही. आजारी असतानासुद्धा ती डोळे उघडे ठेवूनच पडायची. सुनेकडे गाडी शिकायला येणारी पुढची बाई मैदानावर येऊन उभी असेल. उभी राहील थोडी.

घराकडचं वळण समोर आलं. सासूबाईंनी गाडी अलगद वरच्या गियरमध्ये टाकली आणि ते वळण मागे जाऊ दिलं.